गोड व्हर्मूथचा परवाना

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही, आणि आमच्या सगळ्या वसाहतीत दारू बाळगण्याचा सरकारी परवाना असलेली बाई मी एकटीच आहे. हे असं झालं ते आमच्या ह्यांच्या प्रामाणिकपणामुळे. लबाड माणसाच्या बायकोला निदान लोकांची सहानुभूती मिळते. प्रामाणिक माणसाच्या बायकोला सगळे म्हणतात, "नशीबवान आहात हो!" आणि तिला मान डोलवावी लागते.

माझे रोजचे तीन नेम आहेत. पहिला, सकाळी उठल्यापासून पूजा आणि माळ पुरी होईपर्यंत मौन. दुसरा, घरातल्या सगळ्यांना वाढून होईपर्यंत कशाचीही चव घ्यायची नाही. मीठ कमी की जास्त हे मी वासावर ओळखते, आणि सहसा चुकत नाही. तिसरा, संध्याकाळी दिवा लावला की कुणाला किंवा कशाला वाईट म्हणायचं नाही. तिसरा पाळायला सगळ्यांत अवघड, कारण हे नोकरीत असताना संध्याकाळीच घरी येत. दारू न पिण्याचा वेगळा नेम मला कधी करावा लागला नाही. विटा न खाण्याचा तरी कोण करतं?

हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभ्या जन्मात ह्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, दूधवाल्यांची मापं जप्त केली, आणि कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. एकदा घेतला होता, पण तो कपभर नाही म्हणून परत केला. असा माणूस निवृत्त झाला की त्याला तपासायला जग उरत नाही. उरते ती बायको.

निवृत्तीच्या दुसऱ्या सकाळी हे स्टूल घेऊन देवघराच्या दाराशी येऊन बसले.

"वातीला तेल किती घातलंस? अंदाजे? अंदाज म्हणजे काय माहितेय का? चुकीचं सभ्य नाव."

मी गप्प. माझं मौन.

"आणि ही माळ बघ. यातले मणी सारखे नाहीत. हा बारका आहे. म्हणजे या मण्यावर देवाला नाव कमी पोचतं का? मी आपलं विचारतोय."

मौनातल्या बाईला शेजारी बसून प्रश्न विचारणं म्हणजे हातपाय बांधलेल्या माणसाला गुदगुल्या करणं. दिवसाचे बाकीचे तास मी ह्यांना दोन शब्दांत गप्प करू शकते, त्यामुळे ह्यांनी बोलायला नेमकी ती वेळ धरली. माझं मौन हे ह्यांचं भाषणस्वातंत्र्य झालं. रोज असंच. माळ करताना माझ्या मनात देवाच्या नावाऐवजी दुसरेच शब्द यायला लागले. ते मी इथे लिहीत नाही, कारण दिवा लावून झालाय.

तर मला माझी सकाळ परत हवी होती. एवढंच. या गोष्टीत पुढे जे काही दिसेल, ते या एका इच्छेपायी.

*

ह्यांच्या हाताखाली एक गृहस्थ होते. बारीक चणीचे, म्हणून खात्यात सगळे त्यांना पाव किलो म्हणत. एका सकाळी पाव किलो पांढरे बूट, पांढरी चड्डी आणि हातात रॅकेट अशा अवतारात आमच्याकडे आले. त्यांना तळ्याकाठच्या क्लबाचं सदस्यत्व मिळालं होतं.

"साहेब, तुम्ही पण घ्या ना. सकाळी सोबत असते. आधी चालायचं, मग चहा, मग पेपर, मग पेपरावर भांडण, मग पुन्हा चहा. दहा कधी वाजतात कळत नाही."

मी भाजी चिरत होते. माझी सुरी थांबली. दहा!

हे म्हणाले, "मला असल्या गोष्टींची हौस नाही." म्हणजे हाताखालच्या माणसाला मिळालं आणि आपल्याला नाही, हे ह्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. मी तो काटा जरा आत ढकलला.

"खरंच आहे," मी हळूच म्हटलं, "तिथे मोठे मोठे लोक असतात. आपल्याला कोण घेणार?"

"कोण घेणार म्हणजे?" हे ताठ झाले. "अर्ज कुठे मिळतो रे?"

पाव किलोंनी मग खरी अडचण सांगितली. अर्ज केला की क्लबाचे अध्यक्ष आणि सेक्रेटरीबाई एका संध्याकाळी उमेदवाराच्या घरी येतात. गप्पा होतात, पण गप्पांना काही अर्थ नसतो. अध्यक्ष एकच कॉकटेल घेतात, जगात कुठेही गेले तरी तेच. दोन भाग व्हिस्की, एक भाग गोड व्हर्मूथ, वरून एका कडू अर्काचे दोन थेंब. बर्फावर ढवळायचं, गाळून ग्लासात ओतायचं. "पहिल्या घोटाला अध्यक्षांनी मान डोलावली की झालात सदस्य. नाही डोलावली, तर पत्र येतं की जागा शिल्लक नाही."

"तू कसं जमवलंस?"

"माझ्या मेव्हण्याने केलं साहेब. मी ट्रे धरला फक्त."

*

दुसरा कुणी असता तर दुकानातून दोन बाटल्या पिशवीत घालून आणल्या असत्या. ह्यांनी नियम वाचले. घरात दारू ठेवायची तर परवाना लागतो. वसाहतीत कुणाकडे तो नव्हता. दारू पुष्कळांकडे होती.

परवाना कचेरीत तीन खिडक्या होत्या. हे मला सोबत घेऊन गेले, कारण रांगेत उभं राहायला माणूस लागतं.

पहिल्या खिडकीवर द्राक्षाची दारू. तिथल्या कारकुनाने व्हर्मूथ हा शब्द दोनदा वाचला, मग एक जाड पुस्तक चाळलं. "ही द्राक्षाचीच, पण हिच्यात वरून कडक दारू घालतात. कडक दारू खिडकी दोन."

दुसऱ्या खिडकीवर एक बाई होत्या. "कडक खरी, पण हिच्यात झाडपाला घालतात, मुळ्या, साली, फुलं. झाडपाला म्हणजे औषधी. खिडकी तीन."

तिसरी खिडकी बंद होती. जेवणाच्या सुट्टीनंतर ती उघडली आणि आत पहिल्या खिडकीवरचाच कारकून बसला. आम्हाला त्याने जन्मात पाहिलं नसावं असा चेहरा केला.

"औषधी मद्य. बरं. रोग काय?"

"रोग नाही," हे म्हणाले. "क्लब."

"क्लब हा रोग आमच्याकडे नाही. आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा."

आरोग्य अधिकाऱ्यांनी ह्यांचं रक्त तपासायला पाठवलं आणि आकडा पाहून चष्मा काढला. "गोड व्हर्मूथ म्हणताय. गोड! आणि ही तुमची साखर. मी सही केली तर उद्या मलाच आत टाकतील. घरात निरोगी कोण आहे?"

हे माझ्याकडे वळले. अधिकारीही माझ्याकडे वळले. मी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

माझं रक्त उत्तम निघालं. "बाईंना काहीही झालेलं नाही," अधिकारी समाधानाने म्हणाले, "तेव्हा औषधी मद्य यांना देता येईल."

पुन्हा तिसरी खिडकी.

"बाई, किती घेता?"

"घेत नाही."

"मग परवाना कशाला?"

"ठेवायला," हे म्हणाले.

"ठेवायचा परवाना दुकानदारांचा. हा पिण्याचा आहे. 'कधीमधी' लिहू का?"

"खोटं लिहायचं नाही," हे गरजले. मागची रांगही गरजली, पण वेगळ्या कारणाने. शेवटी कारकुनाने माझ्याकडे अतिशय दयेने पाहिलं आणि 'किती घेता' या प्रश्नापुढे लिहिलं, "अद्याप नाही."

त्यावर लावायला फोटो काढला तो तिथेच, कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यावर. एवढ्या लोकांत संकोच वाटला म्हणून मी मनात नामस्मरण करत होते, त्यामुळे डोळे अर्धे मिटलेले आले. देवघरात ती मुद्रा शोभली असती. दारूच्या परवान्यावर ती वेगळं काहीतरी सांगते.

आणि परवाना माझ्या नावाचा, म्हणून दुकानातही मलाच जावं लागलं. हे रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, कायद्याला धरून. मी रांगेत. माझ्या पुढे एक रंगारी, मागे दोन कॉलेजातली मुलं. मुलांनी मला 'काकू, तुम्ही पुढे जा' म्हणून जागा दिली. इतका मान मला बँकेत कधी मिळालेला नाही.

दुकानदाराने त्याच परवान्यावर व्हिस्की आणि कडू अर्काची बाटली लगेच पुढे ठेवली, मग वरच्या फळीवरून धुळीची एक बाटली काढली. "ताई, व्हर्मूथ कुणी नेत नाही हो. मागे एका बाईंनी नेली होती, केकमध्ये घालायला. तुम्ही पण केक करता?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार? "मी क्लब करतेय."

मी पिशवी घेऊन वळले, तर समोर वसाहतीच्या प्रार्थनेला रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई. त्यांनी पिशवी पाहिली. पिशवी पारदर्शक होती. त्यांनी काही न बोलता मला हात जोडले, जसे आपण शववाहिकेला जोडतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्या तीन खुर्च्या सोडून बसल्या. आठवड्याभराने पुन्हा माझ्या शेजारी येऊन, डोळे मिटून, ओठ न हलवता म्हणाल्या, "आमच्या ह्यांना थंडीत जरा लागते. तुमच्या परवान्यावर एक जास्तीची बसेल का हो?"

*

व्हर्मूथची बाटली घरी आली, त्याच्या दुसऱ्या सकाळी हे देवघरासमोरच्या टेबलावर तिची तपासणी करायला बसले. लेबलावर मोठ्या अक्षरात जे लिहिलं होतं ते ह्यांनी वाचलं नाही. बारीक अक्षरातलं माप वाचलं. मग झाकण उघडून सगळी बाटली आपल्या पितळी मापांत ओतली, मोजली, आणि पुन्हा भरली. चार मिलिलिटर जास्त निघाली. हे अस्वस्थ झाले. कमी निघाली असती तर काय करायचं ते ह्यांना ठाऊक होतं.

त्या वेळी मला लेबल दिसत होतं. 'उघडल्यावर थंड जागी ठेवा.' माझं मौन होतं. मी फ्रिजकडे बोट दाखवलं. ह्यांनी फ्रिज उघडून मला दूध दिलं. मापून.

मौन सुटल्यावर मी सांगितलं, पण तोवर वरच्या मजल्यावरचे जहाजकाका येऊन पोचले होते. जहाजकाका मालवाहू जहाजांवर कोठाराचे अधिकारी होते. त्यांनी जग पाहिलंय, पण बहुतेक कोठाराच्या आतून.

"फ्रिज?" जहाजकाका हसले. "वहिनी, ही भेंडी नव्हे. वाईन आहे. उघडी ठेवायची, तिला श्वास घेऊ द्यायचा. जितकी जुनी तितकी भारी."

"पण त्यावर लिहिलंय..."

"अगं, जहाजकाका इतकी बंदरं फिरलेत," हे म्हणाले. "तू फ्रिजपर्यंत फिरलीस."

मी हळू बोलते. हळू बोललेलं खरं आमच्या घरात सूचना म्हणून ऐकलं जातं. बाटली खिडकीतल्या कपाटावर गेली, जिथे सकाळचं ऊन येतं. श्वास घ्यायला.

मग सराव सुरू झाला. ह्यांना साखर, त्यामुळे हे अर्धा चमचा घेत. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून जहाजकाका घेत. जहाजकाकांची ती वृत्ती मोठी होती. एकही थेंब वाया गेला नाही.

"आता नुसती व्हर्मूथ चाखा," जहाजकाका शिकवत. "घाई नको. आधी वास. मग जिभेच्या टोकावर गोड येतं. मग बाजूंना मसाला. आणि गिळल्यावर मागून हळूच कडू. आलं?"

हे डोळे मिटून बराच वेळ बसत. "खोकल्याचं औषध."

"साहेब, तो व्हॅनिला आहे!"

"मग खोकल्याच्या औषधातही व्हॅनिला असेल."

मला हाक मारली जाई. चवीसाठी नव्हे, ग्लास धुवायला. पण नाकाला माझा कुठलाच नेम नव्हता. मी ग्लास धुण्याआधी जरा जवळ धरायची. लवंग होती. दालचिनी होती. संत्र्याची साल, पण वाळलेली, पुस्तकांच्या कपाटात विसरलेली असावी तशी. आणि सगळ्यांच्या तळाशी एक कडू मूळ, घरात आलेल्या पाहुण्यांचं सगळं ऐकून घेणाऱ्या आणि ते गेल्यावर एकच वाक्य बोलणाऱ्या सासूसारखं. मी तिथेच उभी राहायची. नळ वाहत राहायचा. मग मला वाटे, वास घेणं म्हणजे नाकाने चाखणंच की काय? देवाला अगरबत्ती आपण काय म्हणून दाखवतो? या विचाराशी मी मुद्दाम थांबत असे, कारण पुढे धोका होता.

आता बर्फाचं. खरा घोळ तिथे झाला.

कॉकटेल बर्फावर ढवळतात, कारण बर्फ त्याला गार करतो आणि थोडा विरघळून कडकपणा मोडतो. जहाजकाकांनी हे सांगितलं आणि हे उभेच राहिले.

"विरघळतो म्हणजे? पाणी होतं त्याचं?"

"थोडं."

"आणि ते पाणी आत राहतं?"

"राहतं ना. तेच तर..."

"काका," हे म्हणाले, "मी सबंध नोकरी दुधात पाणी घालणाऱ्यांना धरण्यात घालवली. आता म्हातारपणी मी स्वतःच्या हाताने पाणी घालू? तेही पाहुण्यांच्या ग्लासात?"

"अहो, तशी रीतच आहे."

"दूधवालेही हेच म्हणायचे."

जहाजकाकांनी पुष्कळ समजावलं. मीही म्हटलं, आमटी घट्ट झाली तर आपण पाणी घालतोच ना. "आमटी तू विकत नाहीस," हे म्हणाले. शेवटी ह्यांनी स्वतः उपाय काढला. बर्फ एका प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड रबराने आवळायचं, आणि ती पिशवी ग्लासात ढवळायची. गारवा आत, पाणी बाहेर. हे स्वतःवर इतके खूश झाले की दुसऱ्या सकाळी देवघरापाशी स्टुलावर बसून मला ती युक्ती चार वेळा सांगितली. माळ अर्धी राहिली. मी डोळे मिटून एवढंच म्हटलं, देवा, मान डोलवायला लाव त्या अध्यक्षांना. कशीही.

*

अध्यक्षांचा पाय सुजला, भेट पुढे गेली. पाय उतरला, तर सेक्रेटरीबाईंच्या घरी रंग. भेट पुन्हा पुढे. दरम्यान बाटली खिडकीत ऊन खात श्वास घेत होती, आणि सराव चालू असल्यामुळे कमी होत होती. आणखी एक आणायला मी ठाम नकार दिला. दुकानदार आता मला लांबूनच 'या ताई' म्हणायला लागला होता.

शेवटी दिवस ठरला. त्या संध्याकाळी मी कपाट पुसताना बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला आणि माझा हात तसाच राहिला. लवंग गेली होती. संत्रं गेलं होतं. उरला होता तो भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास, आणि वर आंबूस. मी धावत गेले.

"अहो, ती उतरलीय."

"किती मिली?"

"मिली नाही हो. वास. ती शिळी झालीय."

"तू चाखलीस?"

"नाही."

"मग तुला काय कळणार?" ह्यांनी शर्टाला इस्त्री करता करता विचारलं. "आणि वाईन शिळी होत नाही. जुनी होते."

हे म्हणणं मी जुन्या नवऱ्यांबद्दलही ऐकलंय. पुढे बोलणार होते, पण बाहेर अंधारत आलं. दिवा लावायची वेळ झाली. दिवा लावला आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आता व्हर्मूथलाही वाईट म्हणायची सोय उरली नाही.

अध्यक्ष दारात मावले नाहीत, जरा तिरके होऊन आत आले. सेक्रेटरीबाई त्यांच्या मागून सरळ आल्या. त्या किडकिडीत, कोरड्या, आणि चष्म्याच्या वरून पाहणाऱ्या. पाव किलो ट्रे धरायला आले होते, तो त्यांचा अनुभव होता म्हणून. जहाजकाकांना बोलावलं नव्हतं, ते आले होते.

"छान घर," अध्यक्ष म्हणाले. "शांत आहे."

मी मान खाली घातली. खोटेपणा नको म्हणून.

खारे बदाम झाले, हवा-पाण्याचं झालं, आणि ह्यांनी पितळी मापं मांडली. ह्यांनी व्हिस्की मोजली, डोळा मापाच्या रेषेत आणून. मग व्हर्मूथ. मग नाकात घालायच्या ड्रॉपरने कडू अर्काचे दोन थेंब. (ड्रॉपर नवा होता. मी स्वतः उकळला होता.) मग बर्फाची पिशवी आत सोडली आणि ढवळायला लागले.

"हे काय आहे?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"भेसळ प्रतिबंध," हे म्हणाले.

अध्यक्षांनी जहाजकाकांकडे पाहिलं. जहाजकाकांनी छताकडे पाहिलं. त्याच क्षणी रबर सुटलं. पिशवी फुगली, उलटली, आणि बर्फ-पाणी सगळं बदकन ग्लासात.

आता इथे कुणीही म्हटलं असतं, चला, बरंच झालं. पहिल्यांदाच ते कॉकटेल असायला हवं तसं झालं होतं. अध्यक्षांनी हातही पुढे केला.

"नाही साहेब." ह्यांनी ग्लास मागे घेतला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठाम. "यात पाणी आहे. मी हे देऊ शकत नाही."

आणि चालत जाऊन सगळं मोरीत ओतलं. पाव किलोंनी ट्रे छातीशी धरला. जहाजकाका "अरेरे" म्हणाले, इतक्या आतून की अध्यक्षांनाही गलबलून आलं.

बाटलीत आता एकाच ग्लासापुरती व्हर्मूथ होती. नवी पिशवी, नवं रबर, आणि वर मी गाठ मारली. या खेपेला पाणी गेलं नाही. अध्यक्षांनी ग्लास उचलला, दिव्यासमोर धरला, आणि घोट घेतला.

मी त्यांच्या मानेकडे पाहत होते. माझ्या सगळ्या सकाळी त्या मानेवर टांगलेल्या होत्या. मान हलली नाही. नंतर हलली, पण आडवी, कुत्रं कान झटकतं तशी.

सेक्रेटरीबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. कशी झालीय ही?"

वाईट म्हणायचं नाही, खोटं बोलायचं नाही. मी म्हटलं, "परवापर्यंत फार सुंदर होती."

अध्यक्षांच्या घशातून एक आवाज आला. ते हसत होते, हे कळायला वेळ लागला.

"तुम्हाला कसं कळलं? चाखली होती?"

"नाही. मी घेत नाही. वासावरून."

"म्हणजे बाटली इतके दिवस समोर उघडी," सेक्रेटरीबाई पुढे झुकल्या, "आणि तुम्ही कधीच नाही? चमचाभरही नाही?"

"अद्याप नाही," हे अभिमानाने म्हणाले. "परवान्यावर तसं लिहिलंय."

"परवाना? कुणाचा?"

ह्यांनी माझा परवाना आणून दाखवला. सेक्रेटरीबाईंनी तो वाचला, फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि अध्यक्षांच्या हातात दिला. मग दोघं उठून गॅलरीत गेले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाणी नव्हतं ना त्यात?" एवढंच पुटपुटले. मला त्या क्षणी ह्यांची फार दया आली. एवढा मोठा माणूस, पिशवी हातात धरून लहान मुलासारखा उभा.

दोघं परत आले.

"आमच्या क्लबात मद्याचं कोठार आहे," अध्यक्ष म्हणाले. "त्यावर देखरेखीला एक सदस्य नेमावा लागतो, ज्याच्या नावाचा परवाना आहे असा. पहिले होते त्यांनी साठा नुसता पाहिला. दुसऱ्यांनी चाखला."

"आणि तिसरे?" पाव किलोंनी विचारलं.

"तिसरे साठ्यातच सापडले," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "परवाना आहे आणि पीत नाही, असा माणूस आम्ही किती वर्षं शोधतोय! सदस्यत्व देऊ आम्ही. बाईंना."

"बाईंना?" ह्यांनी विचारलं. "आणि मला?"

"तुम्ही सदस्येचे पती. रविवारी संध्याकाळी येऊ शकता. त्या सोबत असतील तर."

मी पदर सावरला. माझ्यासारख्या बाईने दारूच्या कोठारात बसायचं? प्रार्थनेतल्या बायका काय म्हणतील? नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि उगाच, अगदी उगाच, विचारलं, "यायचं कधी?"

"सकाळी. उजाडल्यापासून दहापर्यंत. त्या वेळी तिकडे चिटपाखरूही नसतं."

"कुणीच नसतं?"

"कुणीच नाही. जाड भिंती आहेत, बाहेरचं ऐकूही येत नाही. फोनही लागत नाही, ही एक अडचण आहे."

"किल्ली?"

"एकच. तुमच्याकडे राहील."

दारू वाईट असते, हे मला त्या वेळी म्हणता आलं असतं तर कदाचित मी नाही म्हटलं असतं. पण दिवा लागला होता.

*

आता मी रोज सकाळी जाते. घरच्या देवघरातला दिवा हे लावतात, तेल मापून. देवाची काही तक्रार आलेली नाही. पहिले काही दिवस हे क्लबाच्या फाटकापर्यंत माझ्यासोबत चालत आले, काहीतरी विचारत. फाटकावरच्या रखवालदाराने मला सलाम केला आणि ह्यांना थांबवलं. आता हे जहाजकाकांकडे जातात. दोघं मिळून इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं माप तपासताहेत. वसाहतीत त्यावरून दोन तट पडलेत, म्हणजे दोघांचं बरं चाललंय.

कोठार थंड आहे. मी दार आतून लावते, पेटीवर आसन घालते, आणि समोर भिंतीवर देवाचा छोटा फोटो टेकवते. त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत बाटल्या. कुणी बोलत नाही. कुणी मणी मोजत नाही. इतक्या वर्षांत माझी माळ इतकी एकाग्र कधी झाली नव्हती. मग कामाला लागते. उघडलेल्या बाटल्या थंड कपाटात आहेत का ते बघते, एकेकीचं बूच काढते, वास घेते. गोड व्हर्मूथ सगळ्यांत शेवटी. तिच्यापाशी जरा जास्त वेळ लागतो.

परवा मी फोटोसमोर डोळे मिटून देवाला सरळच विचारलं. म्हटलं, तुझी भक्ती मी दारूच्या गुदामात करते, आणि घरापेक्षा बरी करते. हे चुकतंय का माझं? असलं तर आत्ताच सांग.

पुष्कळ वेळ थांबले. तो काही बोलला नाही. सकाळी त्याचंही मौनच असतं.